अक्षरजुळणीसाठी नवा डेस्कटॉप: नाशिकच्या बाजारात काय पाहिले, काय घेतले

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार काढून घेतला, तेव्हापासून नाशिकमधल्या छोट्या कार्यालयांत, छापखान्यांत आणि घरून व्यवसाय करणाऱ्यांच्या टेबलांवर एक प्रश्न पडून आहे: चालू स्थितीतला जुना संगणक बदलायचा का, आणि बदलायचा तर त्याच्या जागी नेमके काय आणायचे? माझा व्यवसाय अक्षरजुळणीचा आहे. पुस्तके, संस्थांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि लग्नसराईतल्या पत्रिका असे सगळे काम २०१३च्या सुमारास जोडून घेतलेल्या एका डेस्कटॉपवर चालत आले होते. यंदाच्या जानेवारीत त्याच्या जागी नवा संगणक आला. परीक्षांचा हंगाम, लग्नसराई आणि एप्रिल-मेचा उन्हाळा त्याने काढला आहे, त्यामुळे त्याच्याविषयी, तो जिथून घेतला त्या दुकानाविषयी आणि पाहून बाजूला ठेवलेल्या पर्यायांविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. अक्षरजुळणी, हिशेब, पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढ्या कामासाठी आज मिळणारा जवळजवळ कोणताही नवा संगणक पुरेसा वेगवान आहे, म्हणून निवड वेगाच्या आकड्यांवर करण्यात फारसा अर्थ नाही. ऐन कामाच्या दिवशी त्यातला एखादा भाग गेला तर तो भाग त्याच दिवशी नाशिकमधल्या कोणत्याही दुकानातून आणून बसवता येईल का, हा पहिला प्रश्न असावा आणि बाकीचे प्रश्न त्याच्या मागून यावेत. ज्यांचे पोट एकाच यंत्रावर आहे त्यांच्यासाठी तर हा प्रश्न फारच मोलाचा आहे, कारण छपाईला पाने द्यायची तारीख कोणाच्या सर्व्हिस सेंटरसाठी पुढे सरकत नाही.

जुना संगणक टाकाऊ झाला होता असे मुळीच नाही. चौथ्या पिढीचा इंटेल आय थ्री, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असा तो साधा संच होता. मोठ्या पुस्तकाची पाने पुढेमागे करताना तो अडखळे, पीडीएफ तयार करताना पंखा घोंगावू लागे, आणि मुख्य वीज बंद करून पुन्हा चालू केली की घड्याळ काही वर्षे मागे जाई. हा शेवटचा दोष मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलल्यावर गेला. हार्ड डिस्कच्या तपासणीत मात्र खराब सेक्टरांची संख्या वाढत चालल्याचे दिसू लागले, आणि या लक्षणाकडे काणाडोळा करू नये.

हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली साठवण) बसवणे आणि रॅम ८ जीबी करणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होता, आणि अनेकांसाठी आजही तोच योग्य आहे. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास वाचते, तर साटा जोडणीची एसएसडी पाचशे एमबीच्या पुढे जाते. शिवाय विखुरलेल्या लहान फायली शोधण्यात हार्ड डिस्कचा जो वेळ जातो तो एसएसडीला जवळजवळ लागतच नाही. म्हणजे वेगाचा प्रश्न थोड्या पैशांत सुटला असता. विंडोजचा प्रश्न मात्र सुटला नसता, कारण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. या अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे लोक आहेत, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १०साठी वाढीव सुरक्षा अपडेटची घरगुती वापरकर्त्यांना दिलेली सवलत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे. लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते आणि परीक्षेपूर्वीच्या प्रश्नपत्रिका ज्या यंत्रावर असतात, ते यंत्र सुरक्षा अपडेटविना इंटरनेटला जोडून ठेवणे मला मान्य नव्हते.

खरा विचार यंत्रापेक्षा सॉफ्टवेअरचा करावा लागला, आणि मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या प्रत्येकाला तो करावा लागेल. आपल्याकडची किती तरी पुस्तके पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये, श्रीलिपीसारख्या संचांतल्या युनिकोडपूर्व (म्हणजे अक्षरांची आजची सर्वमान्य संकेतपद्धती रुळण्याआधीच्या) फॉन्टांत बांधलेली आहेत. पी६५ आणि पीएमडी प्रकारच्या त्या फायली, ते फॉन्ट आणि त्या संचासोबत आलेले डोंगल (परवान्याची खात्री करणारी, पोर्टला लावायची किल्ली) या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढता येते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. काही जुन्या सॉफ्टवेअरचा मुख्य प्रोग्राम ३२ बिटचा असूनही त्याचा सेटअप १६ बिटचा असतो आणि तिथेच गाडी अडते. डोंगलचा जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असेही नाही. त्यामुळे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मी वापरात असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची, प्रिंटरची, स्कॅनरची आणि डोंगलची यादी करून त्यांचे ६४ बिट ड्रायव्हर मिळतात का हे तपासले. नवे सगळे काम युनिकोडमध्ये आणि इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये करायचे, आणि जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या फायली उघडण्यासाठी ठेवायचा, असे ठरल्यावर पुढची निवड पुष्कळ सोपी झाली.

लिनक्सचा विचार केला होता. देवनागरी तिथे उत्तम दिसते, इनस्क्रिप्ट कळफलक तयारच असतो आणि जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट सहज चालते. परंतु इनडिझाइन आणि टॅली यांची लिनक्ससाठी आवृत्ती नाही, आणि पानाचे चित्र स्वतः न बनवता संगणकाकडूनच तयार करून घेणारे माझ्या प्रिंटरसारखे स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवणे त्रासाचे ठरते. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रे आणि व्हिडिओ एवढेच आहे त्यांनी जुन्याच यंत्रात एसएसडी टाकून लिनक्स बसवावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांना नवीन खर्चाची गरज नाही.

नाशिकमध्ये संगणकांची दुकाने कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड आणि एम. जी. रोड या भागांत जवळजवळ आहेत, त्यामुळे एका फेरीत बरेच काही पाहून होते. सर्वाधिक आकर्षक किंमत रिफर्बिश्ड संगणकांची आहे. मोठ्या कंपन्या भाडेकराराची मुदत संपली की शेकडो यंत्रे एकदम काढतात आणि त्यांतली बरीचशी साफसफाई करून पुन्हा विकली जातात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी नावे या बाजारात सारखी कानावर पडतात. बांधणीच्या दृष्टीने ही यंत्रे दणकट असतात. पत्रा जाड असतो, स्क्रू न काढता झाकण उघडते. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा दुकानाच्या बिलांसाठी आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे असे यंत्र घेणे शहाणपणाचे आहे, मात्र त्यातली एसएसडी नवी आहे की जुनी आणि जुनी असल्यास किती तास चाललेली आहे, हे दुकानदारासमोरच तपासून घ्यावे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये चाललेले तास आणि शिल्लक आयुष्य दोन्ही दिसते.

या बाजारातली सर्वांत मोठी फसगत पिढीच्या बाबतीत होते. एका दुकानात मला सांगण्यात आले, "मॅडम, हा आय फाइव्ह आहे. आय थ्रीपेक्षा केव्हाही वरचाच." मी पूर्ण क्रमांक विचारला तेव्हा तो ६५०० निघाला. इंटेलच्या या क्रमांकांत शेवटचे तीन अंक सोडले की पिढी कळते. म्हणजे ६५०० हा सहाव्या पिढीचा, २०१५ सालचा प्रोसेसर आहे. त्यात चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. जानेवारी २०२२मध्ये आलेल्या आय थ्री १२१००मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड असून त्याचा प्रत्येक कोअर कितीतरी अधिक काम करतो. वर, सहावी पिढी विंडोज ११च्या यादीत बसत नाही. आय थ्री, आय फाइव्ह ही नावे केवळ एकाच पिढीतल्या भावंडांची तुलना करण्यापुरती उपयोगी आहेत. पूर्ण क्रमांक लिहून दिल्याशिवाय कोणतेही कोटेशन स्वीकारू नये.

मिनी पीसी मला मनापासून आवडला. तळहातावर मावेल एवढे यंत्र, आवाज नगण्य, वीज कमी, आणि मॉनिटरच्या पाठीलाही बसवता येते. परंतु त्यात मदरबोर्ड गेला म्हणजे सगळेच गेले, कारण त्या आकाराचा दुसरा बोर्ड दुकानात मिळत नाही, आणि काहींमध्ये रॅमही बोर्डवरच पक्की बसवलेली असते. ॲपलचा एम४ प्रोसेसरचा मॅक मिनी २०२४च्या नोव्हेंबरमध्ये १६ जीबी मेमरीसह ५९,९०० रुपयांना भारतात आला. इनडिझाइन त्यावर अतिशय सुरेख चालते. पण त्याची मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि टॅली त्यावर थेट चालत नाही. ऑल-इन-वनचा विचार मी फार लांबवला नाही. पडदा आणि यंत्र एकत्र असले की एकाच्या बिघाडात दोन्ही अडकून पडतात.

नामांकित कंपनीचा नवा टॉवर हा खरा तुल्यबळ पर्याय होता. घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी, मूळ विंडोज आणि अनेकदा ऑफिसचा परवानाही त्यासोबत मिळतो. ज्या कार्यालयात दहा-वीस संगणक आहेत आणि बिघाड झाला तर शेजारच्या टेबलावर जाऊन काम करता येते, त्यांनी हाच पर्याय घ्यावा. माझी अडचण एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, होती. अशा बऱ्याच टॉवरमध्ये एसएमपीएसचा आकार आणि मदरबोर्डला जाणारा प्लग कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला प्रमाणित एटीएक्स एसएमपीएस त्यात बसत नाही. वॉरंटीच्या काळात याची झळ लागत नाही, पण जुन्या संगणकाने बारा वर्षे काढली, आणि नव्याकडूनही माझी तेवढीच अपेक्षा आहे. त्यातली पहिली तीन वर्षे सोडली तर उरलेल्या काळात एसएमपीएस गेल्यास तो मुंबई-पुण्याहून मागवून वाट पाहत बसावे लागेल, हे गणित मला जमत नव्हते.

अशा रीतीने असेम्बल केलेल्या संगणकावर निवड स्थिरावली. प्रोसेसर इंटेल आय थ्री १२१००, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी, अधिक वेगवान) एसएसडी, ४५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस, पुढे-मागे पंखे असलेला जाळीचा कॅबिनेट आणि २७ इंची मॉनिटर असा हा संच आहे. आय फाइव्ह १२४०० घ्यावा असा सल्ला जवळजवळ प्रत्येकाने दिला. त्यात सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत हे खरे, पण पाने लावणे, मजकूर वाहता ठेवणे, टॅलीत नोंदी करणे ही कामे बहुतांशी एकाच कोअरवर चालतात, आणि एका कोअरच्या कमाल वेगात या दोघांत ४.३ आणि ४.४ गिगाहर्ट्झ एवढाच फरक आहे. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला जास्तीचे कोअर लागतात. मला ते पैसे एसएमपीएस आणि मॉनिटरवर घालणे अधिक योग्य वाटले. क्रमांकापुढे एफ हे अक्षर नसलेलाच प्रोसेसर मागून घ्यावा, कारण एफवाल्यात ग्राफिक्स नसते आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. कोटेशनमध्ये हे एक अक्षर सहज नजरेतून सुटते.

रॅमच्या बाबतीत वेळ वाईट होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भराभर चढले; मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी क्रुशल या नावाने ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून मी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी १६ जीबीची एकच पट्टी घेतली आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवला. दोन पट्ट्यांनी ग्राफिक्सला थोडा वेग मिळतो हे खरे असले तरी मजकुराच्या कामात तो जाणवत नाही, आणि रिकामा स्लॉट पुढे उपयोगी पडतो. जीएसटीविषयी एक खुलासा करते. २२ सप्टेंबर २०२५पासून दर कमी झाल्याचा गाजावाजा झाला, पण संगणकावर आधीही १८ टक्के होता आणि आताही १८ टक्केच आहे. कपात झाली ती ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांवरच्या दरात.

दुकान कॅनडा कॉर्नर परिसरातले, फार मोठे नाही, पण कामाची पद्धत मला आदर्श वाटली. कोटेशन देताना मालकांनी प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक आणि त्याच्या वॉरंटीची मुदत वेगवेगळी लिहून दिली. जोडणीच्या दिवशी सगळी खोकी माझ्यासमोर फोडली. प्रोसेसर बसवण्यापूर्वी त्यांनी मदरबोर्डचा सॉकेट टॉर्चखाली तिरका धरून मला दाखवला. "ताई, आधी पिना बघून घ्या. एक जरी वाकलेली असली तरी कंपनी नंतर वॉरंटी देत नाही," असे ते म्हणाले. पिना या प्रकारात प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, आणि केसासारख्या बारीक असल्यामुळे वाकलेली पिन नुसत्या नजरेला चटकन दिसत नाही. सगळ्या पिनांवरून प्रकाश एकसारखा परततो का, एवढेच पाहायचे. मग प्रोसेसरचा सिरीयल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी आणि बिलाशी जुळवला. जोडणी झाल्यावर रॅमची तपासणी रात्रभर चालू ठेवून दुसऱ्या दिवशी यंत्र ताब्यात दिले. बिल पक्के, सर्व सिरीयल क्रमांकांसह.

विंडोजच्या बाबतीत मात्र इथेही सावध राहावे लागले. असेम्बल केलेल्या संगणकावर विंडोज "टाकून देतो" असे सर्रास सांगितले जाते, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा परवान्याशिवायची प्रत असा असतो. मी मूळ परवाना बिलावर लावून घेतला. त्यामुळे ब्रँडेड टॉवर आणि हा संच यांच्या किमतीतले अंतर बरेच कमी होते, आणि तुलना करताना हा खर्च धरूनच करायला हवी. संपूर्ण आठवड्याचे काम ज्यावर उभे आहे त्याचा पाया चोरीचा असावा, हे मला पटत नाही. आणि परवाना मोडून देणाऱ्या त्या प्रोग्रामांतून आणखी काय आत शिरते, हे तर सांगताच येत नाही.

आता ज्या गोष्टीवर दुकानांत सर्वांत कमी बोलले जाते तिच्याविषयी थोडे सविस्तर. स्वस्त कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस येतो, त्यावर ४५० किंवा ५०० वॉट छापलेले असले तरी तो हातात घेतला की वजनावरूनच फरक कळतो. ८० प्लस या प्रमाणपत्राचा अर्थ असा की २०, ५० आणि १०० टक्के भारावर तो किमान ८० टक्के कार्यक्षमतेने चालतो. ब्राँझ हा त्यावरचा दर्जा आहे. माझ्या संचाला ४५० वॉट लागत नाहीत, पण चांगल्या प्रतीचे एसएमपीएस त्याहून लहान सहसा मिळत नाहीत. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी रस्ते खोदलेले आहेत, त्यात केबल तुटून वीज जाण्याचे प्रकार वाढले आहेत, आणि मे महिन्यात वळिवाचा पाऊस आला की दाब खालीवर होतो. अशा शहरात एसएमपीएस आणि यूपीएस यांवर वाचवलेले पैसे मदरबोर्डच्या रूपाने परत द्यावे लागतात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो; संगणक आणि मॉनिटर मिळून लेखनाच्या वेळी शंभर वॉटच्या आतबाहेरच घेतात, त्यामुळे फाइल जतन करून यंत्र नीट बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा रोलर तापताना एकदम कित्येकशे वॉट ओढतो आणि यूपीएस त्याच क्षणी मान टाकतो.

आमच्या पंचवटीतल्या जुन्या इमारतीत कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत. बऱ्याच घरांत हा अनुभव येतो आणि लोक लाकडी पाटावर पाय ठेवून वेळ निभावतात. एसएमपीएसच्या आत वीज शुद्ध करणारे जे कपॅसिटर असतात ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मूळ दाबाच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो. प्रवाह अगदी अल्प असल्याने इजा सहसा होत नाही, परंतु डोंगल किंवा पेनड्राइव्ह लावताना त्याच दाबामुळे पोर्ट जळू शकतो. नवा संगणक आणण्यापूर्वी वायरमन बोलावून सॉकेटची अर्थिंग नव्याने करून घेतली आणि मीटर लावून तपासली. झिणझिण्या गेल्या. हा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो, पण जुन्या घरात राहणाऱ्याने तो आधी करावा.

मॉनिटरवर मी जास्त पैसे घातले आणि या संचातली ती सर्वांत समाधानाची वस्तू ठरली. जुना साडेअठरा इंची पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा होता, म्हणजे इंचाला साधारण ८५ बिंदू. नव्या २७ इंची पडद्यावर २५६० गुणिले १४४० बिंदू आहेत, म्हणजे इंचाला १०९च्या आसपास. इंग्रजी मजकुरात हा फरक कदाचित चैनीचा वाटेल, मराठीत तो कामाचा आहे. 'कर्त्यांनी' या शब्दात 'त्यां'च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात. टिपांच्या नऊ पॉइंटाच्या मजकुरात जुन्या पडद्यावर त्यांचा एकच ठिपका दिसे आणि अनुस्वार राहून गेला आहे का हे कळण्यासाठी पान मोठे करून पाहावे लागे. आता दोन समोरासमोरची पाने एकाच वेळी वाचता येण्याइतकी मोठी दिसतात आणि रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या जागच्या जागी ओळखू येतात. प्रूफ कागदावर काढण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले आहे. मदरबोर्डला व्हीजीए जोडणी असल्याने जुना पडदा फेकावा लागला नाही. तो शेजारी ठेवून त्यावर लेखकाची मूळ संहिता उघडते.

यंत्राच्या कामाविषयी फार सांगण्यासारखे नाही, आणि हीच त्याची चांगली बाजू आहे. बटण दाबल्यावर चहाचा कप टेबलावर ठेवेपर्यंत ते तयार असते. चित्रांसह मोठ्या पुस्तकाची छपाईची पीडीएफ करताना इतर काम थांबवावे लागत नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जोडणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडून लावलेली युनिकोड जोडाक्षरे पान उलटताना अडखळत नाहीत. मे महिन्यात दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, वातानुकूलन नसलेल्या खोलीत सलग कामातही प्रोसेसरचे तापमान सत्तर अंशांच्या आसपास राहिले. खोदलेल्या रस्त्यांची धूळ मात्र जाळीच्या कॅबिनेटमध्ये मुबलक येते. पुढची जाळी निघणारी आहे म्हणून ती काढून धुता येते, आणि ती तशी निघते का हे कॅबिनेट घेताना जरूर पाहावे.

उणिवा आहेत. एच६१० हा स्वस्त बोर्ड असल्याने रॅमचे दोनच स्लॉट आणि एनव्हीएमई एसएसडीसाठी एकच जागा आहे; पुढे साठवण वाढवायची तर साटा एसएसडी किंवा हार्ड डिस्क जोडावी लागेल. प्रोसेसरसोबत आलेला पंखा पीडीएफ करताना ऐकू येतो. कॅबिनेटच्या पुढच्या भागातला एक यूएसबी पोर्ट ढिला निघाला. दुकानाने तो भाग विनातक्रार बदलून दिला, पण त्यासाठी यंत्र उचलून न्यावे लागले. घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोय या दुकानात नाही, आणि ज्येष्ठ नागरिकांनी किंवा जिना चढून राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असल्याने बिघाड कुठल्या भागात आहे हे आधी ठरवावे लागते आणि तो भाग त्या त्या कंपनीच्या केंद्राकडे जातो. या कामात दुकानदार मदत करतो की हात झटकतो, हे त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारूनच कळते. मी आमच्या नेहमीच्या छापखान्यात विचारले होते.

जुन्या संगणकातली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी लहान एसएसडी बसवली असून पेजमेकर, फॉन्ट आणि डोंगल यांच्यासह तो इंटरनेटविना चालू आहे. जुन्या पुस्तकांच्या फायली एकेक करून उघडून, मजकूर युनिकोडमध्ये बदलून नव्या यंत्रावर घेणे चालू आहे. जोडाक्षरांत होणारे घोटाळे हाताने तपासावे लागतात, त्यामुळे हे काम सावकाशच होईल. काढलेली हार्ड डिस्क सगळा डेटा बाहेर घेतल्यावर पूर्ण पुसून ठेवली आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हव्यात, म्हणून ती भंगारवाल्याला दिलेली नाही.